कुठला खटका कुठल्या प्लगचा?

मैत्रिणींनो, वाचता वाचता क्षणभर थांबा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. तुमच्या ओट्याशेजारी मिक्सरचा जो प्लग आहे, त्याची वीज घरातल्या कोणत्या खटक्यानं बंद होते? हळदीचा डबा कुठे, जुनी बिलं कुठे, मुलांचे दाखले कोणत्या पेटीत, हे आपण झोपेतसुद्धा सांगू. पण दारामागच्या त्या पांढऱ्या पेटीत ओळीनं बसलेल्या आठ-दहा खटक्यांपैकी मिक्सरचा कोणता, असं विचारलं की बहुतेक घरांत एकच उत्तर येतं, "ते यांना माहीत." आणि 'यांना' विचारावं तर तेही म्हणतात, "वायरमनला माहीत!"

आता बघा, दिवसातले जास्तीत जास्त तास घरात कोण असतं? इस्त्री करताना प्लगमधून जळका वास येतो, तो आपल्याला. वरच्या मजल्याचं पाणी भिंतीतून झिरपत बोर्डापर्यंत येतं, ते भर दुपारी. रांगतं मूल प्लगच्या भोकात हेअरपिन घालायला जातं, तेव्हा शेजारी आपणच असतो. त्या वेळी घरातली कर्ती माणसं कामावर असतात आणि वायरमन फोन उचलत नाही. म्हणून विजेची ही माहिती पोळी-भाजीइतकीच आपली आहे. त्यासाठी इंजिनियर व्हायला नको. मी स्वतः बी. ए. झालेली, शाळेत अर्धा वेळ मराठी शिकवणारी बाई. घरी येणाऱ्या वायरमनला प्रश्न विचारून विचारून आणि वही-पेन्सिल घेऊन जे कळलं, तेच इथं सांगते आहे.

एक गोष्ट मात्र आधीच पक्की करून टाकू. धूर, ठिणगी, शॉक असा प्रसंग आला तर कुठला खटका कुठला हे शोधत बसायचं नाही. सरळ मेन बंद करायचा. आज जो शोध आपण घेणार आहोत, तो शांत दुपारी, काही बिघडलेलं नसताना घ्यायचा आहे.

पेटीची ओळख

पूर्वीच्या घरांत चिनीमातीचे फ्यूज असत. त्यांना वायरमन 'किटकॅट' म्हणतात. जुन्या वाड्यांत आणि चाळींत ते अजूनही दिसतात. जास्त वीज ओढली गेली की आतली बारीक तार वितळायची, आणि मग कुणीतरी मेणबत्ती धरायची आणि कुणीतरी नवी तार बसवायची. आताच्या पेटीत त्याऐवजी एमसीबी असतात. यालाच आपण खटका म्हणू. खटका वर असला की वीज चालू, खाली पडला की बंद. तार बदलायला नको, पुन्हा वर केला की झालं. अशा छोट्या, पुन्हा चालू करता येणाऱ्या खटक्याचा शोध जर्मनीत मानहाइम शहरात ह्यूगो श्टोट्झ यांच्या कारखान्यात लागला. साल होतं १९२४. म्हणजे या खटक्यानं आता शंभरी ओलांडली आहे.

पेटीचं झाकण उघडून नीट बघा. (झाकण म्हणजे पुढचं दार. स्क्रूनं बसवलेला आतला पत्रा कधीही काढायचा नाही, त्याच्यामागे उघड्या वीजवाहक पट्ट्या असतात.) बहुधा एका टोकाला दुप्पट रुंदीचा मोठा खटका असतो, तो मेन. त्याच्याजवळ काही घरांत आणखी एक रुंद खटका असतो आणि त्यावर 'टी' अक्षराचं छोटं बटण असतं. तो आरसीसीबी. आणि मग ओळीनं लहान खटके. प्रत्येकावर आकडा छापलेला असतो : सी ६, सी १०, सी १६, सी २०. यातला आकडा अँपिअरचा. ढोबळ मानानं ६ आणि १० चे खटके दिवे-पंख्यांचे, १६ आणि २० चे गीझर, वॉशिंग मशीन, ओव्हन, एसी अशा जड सामानाचे. पण हा ढोबळ अंदाज झाला, त्यावर हात घालायचा नाही.

इथं एक गैरसमज काढून टाकते. "एमसीबी आहे ना, मग शॉक बसला तरी खटका पडेल," असं पुष्कळजणी समजतात. एमसीबी भिंतीतल्या वायरची राखण करतो, माणसाची नव्हे. १६ चा खटका १६ अँपिअरच्या वर ताण गेल्याशिवाय हलत नाही. माणसाच्या जिवाला मात्र अँपिअरचा अगदी लहानसा अंशही पुरेसा होतो. घरगुती आरसीसीबी म्हणूनच ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे ०.०३ अँपिअरचा असतो. भागाकार करून पाहा, १६ अँपिअर हे त्याच्या पाचशेपटीहून जास्त. वीज जाते तेवढीच परत येते की वाटेत कुठे, एखाद्याच्या अंगातून, जमिनीत जाते आहे, यावर आरसीसीबीचं लक्ष असतं. तो तुमच्या पेटीत नसेल तर यंदा साडीखरेदी थोडी मागे ठेवा आणि तो आधी बसवून घ्या. असेल तर 'टी' चं बटण महिन्यातून एकदा दाबा. खटका ताडकन पडला पाहिजे. पडला नाही तर वायरमनला बोलवा.

'किचन' लिहिलंय, पण खरं आहे का?

तुम्ही म्हणाल, आमच्या पेटीत बिल्डरनंच चिठ्ठ्या लावून दिल्या आहेत. असतील. पण घर बांधून झाल्यावर किती बदल होतात! गीझर मागाहून आला, फ्रिज स्वयंपाकघरातून बाहेर गेला, एसीसाठी नवी वायर ओढली. चिठ्ठी मात्र तीच.

आमच्या इमारतीतली एक गोष्ट सांगते. गेल्या पावसाळ्यात एका शेजारणीच्या स्वयंपाकघरात वरून पाणी झिरपून भिंत ओली झाली आणि ओल बोर्डाच्या कडेपर्यंत आली. घरात ती आणि तान्हं बाळ. तिनं जाऊन 'किचन' लिहिलेला खटका खाली केला. ट्यूब गेली, पंखा थांबला. फडकं घेऊन ती बोर्ड पुसायला वळली, तर शेजारी फ्रिज घूं-घूं करत चालूच! फ्रिजचा प्लग त्याच बोर्डावर होता. तिनं हात मागे घेतला, मेन पाडला आणि मला हाक मारली. "वहिनी, दिवा तर गेला होता हो," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

दिवा गेला म्हणजे बोर्ड मेला असं नाही. आजच्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. भिंतीवरच्या एकाच बोर्डावर दिवा-पंख्याची बटणं आणि साधा प्लग असतो तो एका खटक्यावर, आणि त्याच बोर्डावरचा मोठा पॉवर प्लग दुसऱ्या खटक्यावर असू शकतो. फ्रेम एक, पण आत दोन वाटांनी वीज आलेली. म्हणून खोली खोलीनं नव्हे, तर प्लग प्लगनं तपासावं लागतं.

आणि प्लगचं स्वतःचं बटण बंद केलं की झालं, असंही समजू नका. बटण फेजच्या वायरवर असायला हवं, पण कामचुकार वायरिंगमध्ये ते न्यूट्रलवर लावलेलं सापडतं. मग बटण बंद, मिक्सर बंद, पण प्लगच्या भोकात वीज जागी. शिवाय बटण बंद असलं तरी बटणाच्या मागच्या बाजूपर्यंत वीज आलेली असतेच. पाणी शिरलं तर तिला बटणाची पर्वा नाही.

साधनं कोणती?

या शोधासाठी लागणाऱ्या वस्तू सोप्यापासून सुरू करू.

टेबल लॅम्प किंवा नाइट लॅम्प : सर्वांत साधं आणि खात्रीचं साधन. चालू असलेला दिवा प्लगमध्ये लावायचा आणि एक एक खटका खाली करत जायचं. ज्या खटक्यानं दिवा गेला, तो त्या प्लगचा. दिवा आधी दुसऱ्या चालू प्लगवर लावून बघा, नाहीतर गेलेल्या बल्बवर विश्वास बसायचा. मोठ्या पॉवर प्लगमध्ये लहान पिन बसत नाही. तिथे इस्त्री किंवा गीझर असं मोठ्या पिनचं उपकरण लावून त्याचा छोटा दिवा पाहावा. पिनांच्या भोवती कागद, काडी खुपसून बसवण्याचा उद्योग नको.

रेडिओ : घरात एकटी असाल तर हा फार कामाचा. दूरच्या खोलीतल्या प्लगवर रेडिओ मोठ्यानं लावा आणि पेटीपाशी जा. आवाज बंद झाला की खटका सापडला. फक्त आतले सेल आधी काढून ठेवा, नाहीतर खटके सगळे पाडले तरी गाणी चालूच राहतील.

टेस्टर : पेचकसासारखा दिसणारा, आत इवलासा निऑनचा दिवा असलेला. घेताना दांडीवर टोकापर्यंत प्लास्टिकची नळी चढवलेली आहे आणि किती व्होल्टपर्यंत चालतो ते छापलेलं आहे, असा घ्या. प्लगकडे तोंड करून उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. प्लगचं बटण चालू ठेवून टेस्टरचं टोक उजव्या भोकात घालायचं आणि मागच्या धातूच्या टोपीला बोट लावायचं. आतल्या रोधकामुळे आपल्या अंगातून जाणारी वीज इतकी थोडी असते की ती जाणवतही नाही. पण दांडीच्या उघड्या धातूला हात लावायचा नाही, आणि हात-पाय ओले असताना टेस्टर हातात घ्यायचाच नाही. उजव्या भोकात दिवा लागला नाही पण डाव्यात लागला, तर फेज-न्यूट्रल उलटे जोडले आहेत. दोन्ही भोकांत लागला, तर बहुधा न्यूट्रल कुठेतरी तुटलं आहे. दोन्ही वेळी वायरमनला बोलवायचं.

टेस्टर खोटं बोलू शकतो हेही लक्षात ठेवा. त्याचा दिवा गेलेला असेल तर जिवंत वायरही मेलेली दाखवेल. उन्हाच्या उजेडात तो लागलेला दिसत नाही. उलट, शेजारून जाणाऱ्या वायरच्या प्रभावानं बंद वायरीतही कधी कधी मिणमिणतो. म्हणून जाणते वायरमन तीनदा लावून बघतात : आधी जिथे वीज आहे हे माहीत आहे तिथे, मग ज्या प्लगवर शंका आहे तिथे, आणि परत पहिल्या जागी. पहिल्या आणि तिसऱ्या वेळी लागला आणि मधल्या वेळी लागला नाही, तरच तो प्लग बंद धरायचा.

बीप करणारा पेन : हा आत घालावा लागत नाही, नुसता प्लगजवळ नेला की वाजतो आणि चमकतो. ज्या नव्या प्लगांच्या भोकांना मुलांसाठी आतून पडदे असतात, तिथे हा सोयीचा. (असे पडदे उघडायला वरच्या भोकात दुसरं काही खुपसू नका.) यात सेल असतो. तो उतरला की पेन मुका होतो, म्हणून इथंही तीनदा तपासायचा नियम आहेच.

तीन दिव्यांचा प्लग टेस्टर : प्लगसारखाच आत बसतो. कुठले दिवे लागले ते पाहून त्यावरच्या तक्त्यावरून अर्थिंग आहे की नाही, वायरी उलट्या आहेत का, हे कळतं. नव्या भाड्याच्या घरात राहायला जाताना पर्समध्ये ठेवावा असा. फक्त न्यूट्रल आणि अर्थिंग यांची अदलाबदल झाली असेल तर ती यात कळत नाही.

खटका शोधणारी जोडी : हे नव्या काळाचं साधन. याचे दोन भाग. एक प्लगमध्ये लावायचा, तो वायरीतून एक बारीक खुणेचा संदेश सोडतो. दुसरा हातात धरून पेटीतल्या खटक्यांवरून हळूहळू फिरवायचा. जिथे संदेश सर्वांत जोराचा, तिथे तो वाजतो. पहिल्या फेरीत तो दोन-तीन खटक्यांवर वाजेल, कारण शेजारशेजारच्या वायरींत थोडा संदेश झिरपतो. पुष्कळ जोड्यांत पहिल्या फेरीत यंत्र नुसतं मोजमाप घेतं आणि दुसऱ्या फेरीत नेमका खटका दाखवतं. घरातली वीज एकदाही न घालवता शोध लागतो, हा याचा मोठा फायदा. घरी आजारी माणसासाठी ऑक्सिजनचं यंत्र चालू असेल तर याचं मोल कळतं. पण यंत्रानं दाखवलेला खटका बरोबर की नाही, हे शेवटी तो खाली करून आणि दिवा गेलेला पाहूनच ठरवायचं. आणखी एक, कुणाच्या मुला-सुनेनं अमेरिकेहून हे आणलं असेल तर ते इथं लावू नका. तिथली घरगुती वीज १२० व्होल्ट, आपली २३०. नुसता अडॅप्टर पिन बदलतो, व्होल्ट बदलत नाही.

दोन गोष्टी मात्र घरात करू द्यायच्या नाहीत. होल्डरला दोन उघड्या वायरी लावलेला वायरमनचा 'टेस्ट लॅम्प' आपण हाताळायचा नाही. आणि दुसरी, काही उतावळे कारागीर खटका शोधण्यासाठी प्लगमध्ये मुद्दाम शॉर्ट करतात, "बघा ताई, जो पडेल तो याचा!" त्यात ठिणगी उडते, वायर भाजते, आणि खटका जुना असेल तर पडतही नाही. तसं कुणी करू लागला तर त्याला स्पष्ट नाही म्हणा.

नकाशा काढू या

सुटीची दुपार निवडा. उजेड असावा, हात कोरडे असावेत, पायात रबरी चपला असाव्यात. वॉशिंग मशीन, संगणक, इस्त्री आधीच बंद करा. फ्रिज आणि एसी त्यांच्या बटणावर बंद करून ठेवा, आणि शेवटी चालू करताना पाच मिनिटं जाऊ द्या, म्हणजे कॉम्प्रेसरला त्रास होणार नाही. घरात औषधोपचाराचं यंत्र चालू असेल तर पर्यायी सोय केल्याशिवाय खटक्यांना हात लावू नका.

आता मुलांच्या चौकटीच्या वहीचं पान घ्या. घराचा साधा आराखडा काढा. प्रत्येक खोलीतले दिवे, पंखे, साधे प्लग, पॉवर प्लग यांना नंबर द्या. गच्चीवरचा दिवा, दाराची घंटा, पाण्याचा पंप, पाणी शुद्ध करायचं यंत्र हे हमखास विसरतात, तेही लिहा. पेटीतल्या खटक्यांना डावीकडून क्रमांक द्या आणि कागदी टेपचे तुकडे चिकटवा.

मग एकीनं पेटीपाशी उभं राहायचं आणि दुसरीनं दिवा घेऊन खोल्यांतून फिरायचं. मुलं या कामाला उत्साहानं तयार होतात, पण त्यांना "बंद!", "चालू!" असं ओरडण्याचंच काम द्या, टेस्टर नको. पहिला खटका खाली करा. घरातलं काय काय गेलं ते सगळं लिहा. तो वर करा, मग दुसरा. एका वेळी एकच. सगळे खटके झाले की नकाशावरच्या प्रत्येक नंबरासमोर एका खटक्याचा क्रमांक आला पाहिजे.

घाईत एकाच प्लगचा खटका हवा असेल तर एक युक्ती सांगते. समजा बारा खटके आहेत. दिवा लावा आणि पहिले सहा एकदम खाली करा. दिवा गेला, तर तो या सहांत आहे, राहिला तर उरलेल्या सहांत. मग त्या सहांपैकी तीन, मग एक-एक. बारा वेळा खाली-वर करण्याऐवजी फार तर चार वेळांत काम होतं. तांदळाच्या पोत्यात हरवलेली अंगठी आपण अशीच शोधतो ना, अर्धं अर्धं करून!

काही प्लग कुठल्याच खटक्यानं गेले नाहीत तर? वरच्या मजल्यावर दुसरी पेटी आहे का पाहा. दोन बिऱ्हाडं जोडून एक केलेल्या घरात, किंवा वाड्यातल्या वाटणीत, एखादी वायर शेजारच्या मीटरवरून आलेली असू शकते. मेन पाडूनही एखादा प्लग जागा राहिला तर त्याच दिवशी परवानाधारक वायरमनला दाखवा. ही उद्यावर टाकायची गोष्ट नाही.

इन्व्हर्टर असेल तर

आपल्याकडे भारनियमनामुळे घरोघरी इन्व्हर्टर आले. लाइट गेले की काही क्षणांत ते वीज देऊ लागतात, हा त्यांचा गुण. पण तुम्ही स्वतः मेन बंद केलात तरी बिचाऱ्याला वाटतं लाइट गेले, आणि तो बॅटरीतून तेवढीच २३० व्होल्टची वीज त्या दिव्यांत आणि प्लगांत सोडतो! म्हणजे मेन खाली, पेटी मेलेली, आणि टीव्हीच्या प्लगमध्ये वीज जागी.

म्हणून नकाशा काढण्याआधी इन्व्हर्टर त्याच्या बटणावर बंद करा. मग दुसऱ्या फेरीत, इन्व्हर्टर चालू आणि मेन बंद ठेवून, कुठे कुठे दिवा लागतो ते पाहा आणि त्या नंबरांभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढा. पुढे कधीही कुणी या गोलांपैकी कशावर काम करणार असेल, तर खटका आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद झाले पाहिजेत. वायरमनला हे आपण सांगायचं. त्याच्या ध्यानात असेलच असं नाही.

कागदाचा उपयोग

झालेला नकाशा स्वच्छ अक्षरात मराठीत उतरवा. 'किचन पॉवर' असं मोघम नको. 'खटका ५ (१६ अँपिअर) : ओट्याजवळचा मिक्सर, फ्रिज' असं लिहा. पेटीच्या दाराच्या आतून चिकटवा, खाली तारीख घाला, आणि एक फोटो मोबाइलमध्ये काढून घरातल्या सगळ्यांना पाठवा. सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येईल इतकं मोठं अक्षर असू द्या. नवा प्लग निघाला की कागदही बदला.

या कागदाचा रोजचाही फायदा आहे. सकाळी गीझर आणि मशीन एकदम लावलं की खटका का पडतो, हे आता दिसेल. २३० व्होल्टला १६ नं गुणा, ३६८० वॅट होतात. एका खटक्यावर २००० वॅटचा गीझर, पाणी तापवणारं २००० वॅटचं वॉशिंग मशीन आणि १००० वॅटची इस्त्री आली, तर बेरीज ५००० होते. मग तो पडणारच! अशा वेळी "मोठा खटका बसवून द्या" असं सांगू नका. भिंतीतली वायर तीच राहील आणि तापेल. मशीन तासभर नंतर लावा, किंवा गीझरला वेगळी वायर ओढून घ्या. पडलेला खटका वर करण्याआधी त्यावरची उपकरणं बंद करा. एकदा वर करून पुन्हा पडला तर तिसऱ्यांदा हट्टानं वर करू नका. तो काहीतरी सांगतो आहे.

वायरमन काम करायला आला की चहाच्या आधी कागद पुढे करा आणि म्हणा, "दादा, या प्लगचा खटका पाच नंबर आहे. तो खाली केला आहे. तरी टेस्टर लावून बघा, मगच उघडा." त्याला राग येणार नाही. आला तरी चालेल. काम संपेपर्यंत त्या खटक्यावर चिकटपट्टी लावा आणि 'काम चालू, वर करू नये' असं लिहा, कारण शाळेतून आलेलं मूल टीव्ही लागत नाही म्हणून पहिल्यांदा पेटीकडेच जातं.

घरातल्या सगळ्यांनी पाठ करावं असं

कुणाला शॉक लागून ते चिकटलेलं दिसलं तर त्याला हात लावू नका. मेन बंद करा, इन्व्हर्टर बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीनं किंवा कोरड्या स्टुलानं त्याला वायरपासून दूर ढकला आणि १०८ वर फोन करा. श्वास चालत नसेल आणि छाती दाबण्याचं शिक्षण घेतलेलं कुणी असेल तर लगेच सुरू करा.

प्लग किंवा पेटी जळत असेल तर पाणी टाकू नका. आधी मेन. आणि मीटर किंवा त्याच्या अलीकडची वायर पेटली असेल तर तुमच्या मेनचा तिथे उपयोग नाही. लांब व्हा, विजेच्या तक्रारीसाठी १९१२ आणि आगीसाठी १०१ किंवा ११२ लावा.

मेन कुठे आहे आणि तो खाली कसा करायचा, हे घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलापासून आजीपर्यंत प्रत्येकानं एकदा स्वतःच्या हातानं करून पाहिलेलं असावं. आजींचा हात पेटीपर्यंत पोहोचत नसेल, तर खाली एक भक्कम लाकडी स्टूल कायम ठेवा आणि त्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा रचू नका. कामाला येणाऱ्या मावशींनाही दाखवा. ओल्या फडक्यानं बोर्ड पुसणाऱ्या बहुधा त्याच असतात.

येत्या रविवारी जेवणं आटोपली की दीड-दोन तास यासाठी काढा. एखादा प्लग कोड्यात टाकेल, पण तेवढ्यासाठी बाकीचा नकाशा अडवून ठेवू नका. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह घाला, त्याचा वापर थांबवा आणि वायरमन येईल तेव्हा पहिल्यांदा तोच दाखवा.